सोळा, उन्हाळ्यापुरते

सीताबर्डीच्या दुसऱ्या माळ्यावर
लखवानीने काचेवर दोन डबे ठेवले.
चार हजार, लेटन्सी एकोणीस.
छत्तीसशे, लेटन्सी सोळा.
"मोठा आकडा घ्या भाऊ. लोक मोठाच नेतात."

मी बिलाच्या पाठीवर मांडलं:
लेटन्सी गुणिले दोन हजार, भागिले वेग.
पहिल्याचे साडेनऊ नॅनोसेकंद,
दुसऱ्याचे नऊला थोडे कमी.
म्हणजे जो जास्त जोरात पळतो
तोच हाकेला ओ द्यायला उशीर लावतो.
(असा एक मामा आमच्याकडेही आहे.)
शिवाय माझ्या प्रोसेसरचा आतला ठोका
अठराशेच्या पुढे अडखळतो,
आणि मेमरी त्याच्या पावलात पाऊल टाकून चालली
तरच दोघांचं जमतं.
छत्तीसशे घेतली. लखवानी हिरमुसला.

तांडापेठेत आमचा खड्डामाग होता
तो खड्डा बुजवून, वर फरशी टाकून
माझं टेबल आहे.
इथे मी लग्नं कापतो, जोडतो,
काकांच्या ढेकरा काढून टाकतो.

सोळावर सगळं नीट चाललं होतं.
नीट चाललेलं बघवत नाही, हाच माझा रोग.
एका रात्री सोळाचे चौदा केले,
व्होल्ट एक पस्तीसवरून एक पंचेचाळीस.
कूलर तोंडाशी, खसाचा वास, पहाटेचे तीन,
मेमटेस्टच्या चार फेऱ्या,
चूक: शून्य.
त्या शून्याकडे मी
नवरदेवासारखा बघत बसलो.

मग मे. शेहेचाळीस.
दुपारी दोनला लाइट गेली, आली,
कूलरची मोटर मात्र आलीच नाही.
प्रज्ञा हेडाऊच्या लग्नात, शेवटच्या मंगलाष्टकाला,
हार धरलेला तिचा हात
एका फ्रेमपुरता हिरव्या चौकटींचा झाला.
एकच फ्रेम. कोणाला दिसलीही नसती.
मी परत टेस्ट लावली.
एकविसाव्या मिनिटाला पहिली लाल ओळ,
मग लाल ओळींची रांगच.

मोठाई मागे उभी होती, पदराने वारा घेत.
चाळीस वर्षं तिने कांड्या भरल्या आहेत;
अजूनही बोलताना तिचा अंगठा आणि बोट
नसलेलं सूत चाचपतात.
"कायचं लाल लाल होऊन राहिलं?"
सांगितलं. आडव्या ओळी असतात, उभे रकाने असतात,
आधी ओळ उघडायची, मग रकाना गाठायचा,
मधे किती थांबायचं ते आपण ठरवायचं.
मी थांबणं कमी केलं.

"म्हंजे ताना-बानाच," ती म्हणाली,
"अन् धोटा लवकर फेकला तू.
मे मयन्यात सूत कोरडं होते पोरा.
तुहे काका रातच्याले पान्याचं फडकं टाकत मागावर,
अन् तरीबी दुपारी हात हळू चालवत.
हिवाळ्यातला हात उन्हाळ्यात नाई चालत."

मला सांगायचं होतं की इथे ओल चालत नाही,
की हा धागा नाही, विजेचा थेंब आहे,
गरमीत जास्त लवकर झिरपून जाणारा.
पण ती पुढचंच विचारून बसली होती:
"मंग भेटलं काय तुले त्यातून?"

"एक नॅनोसेकंद. वर थोडंसं."

"त्यात एक कांडी तरी भरते काय बाप्पा?"

संध्याकाळी कॅबिनेटचं झाकण काढलं,
काड्यांवर एक छोटा पंखा झिपटायने बांधला,
चौदाचे सोळा, व्होल्ट खाली.
रात्रभर टेस्ट चालू ठेवून गच्चीवर झोपलो.
झोपलो कसला. दोनदा उठून बघून आलो.
प्रज्ञाचा हात पुन्हा रेंडर केला,
मेंदीसकट आला.

कॅबिनेटवर आता कागद चिकटवलाय:
"उन्हाळ्यात सोळा. हात लावू नये."
खाली, बारीक अक्षरात,
मोठाईला चष्म्याशिवाय दिसणार नाही असं:
डिसेंबरात, आठ अंशाला,
पंधरा करून बघायचे.